शिंगांतला हार

पोह्यांच्या ढिगात भैय्याजींनी चमच्याच्या दांड्याने आधी एक खिंड कोरली, मग खिंडीच्या तोंडाशी वाटीतली हरभऱ्याची तर्री हळूच सोडली. लाल ओघळ वळणं घेत खाली उतरला आणि प्लेटीच्या कडेला जाऊन थांबला. त्यांनी मान तिरकी करून तो नीट पाहिला, आणि बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"कोणाले सांगाल तं कोणी मानणार नाही. पण अमेरिकेतली शिकार आज या प्लेटीत ठरून राहिली."

"ठरवा, पण लवकर," पंचफुला आपल्या पोह्यांच्या गाडीमागून म्हणाली. "डोंगर थंडा होऊन राहिला."

समोर, शेवेच्या बरणीला टेकवलेल्या मोबाइलमध्ये भैय्याजींची नात मिनल होती. डोक्यावर लोकरीची टोपी, मागे लाकडी भिंत. तिच्याकडे रात्र पडली होती. इकडे बेसा रस्त्यावर शाळेच्या बसगाड्या एकमेकींना हॉर्न मारत निघाल्या होत्या.

"आबाजी, फोन जरा खाली करा ना," ती म्हणाली. "मले नुसतं विश्वनाथकाकांचं पोट दिसून राहिलं."

फोन खाली केला. पोट गेलं, प्लेट आली.

मिनल जनावरांच्या चाऱ्यावर शिकायला म्हणून आयडाहोला गेली आणि तिकडेच नोकरीला लागली. तिच्या शेजारी डोरोथी नावाची सत्तरीची विधवा राहत होती. ही बाई दर वर्षी थंडी लागण्याआधी रीतसर परवाना काढून एक एल्क मारायची आणि वर्षभर तेच मटण खायची. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. भैय्याजी तर त्याला अमेरिकेचा सांबरच म्हणत. डोरोथीने मिनलला बंदूक शिकवली, डोंगर चढायला शिकवलं, आणि परवान्याच्या सोडतीत तिचंही नाव टाकायला लावलं. यंदा ते निघालं. मात्र यंदाच डोरोथीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती मिनलला डोंगराच्या पायथ्याशी सोडणार होती, पुढे मिनल एकटी. जागा तू निवड, असं ती म्हणाली होती. चुकली तर चूक तुझी, मिळाला तर एल्क तुझा. हंगाम थोड्या दिवसांचा. एका जागेवरून उठून दुसरीकडे जायचं म्हणजे पाठीवर तंबू घेऊन आख्खा डोंगर ओलांडणं आलं. म्हणजे जागा एकच, आणि ती आजच ठरवायची होती.

मिनलने तिकडच्या तीन शिकाऱ्यांना विचारलं होतं. तिघांनी तीन जागा सांगितल्या. मग तिने आबाजींना फोन लावला, कारण लहानपणापासून तिला ठाऊक असलेला शिकारी तोच एक होता. रोज रात्री त्यांची सांबराची गोष्ट ऐकल्याशिवाय ही पोर झोपत नसे.

हे ऐकून बाकावरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. विश्वनाथ विजेच्या खात्यातले निवृत्त लाइनमन. हयात खांबांवर गेलेली, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला कुठेतरी वायर जोडलेली असते असा त्यांचा पक्का समज. संघपाल एसटीचे निवृत्त कंडक्टर. ते कोणाच्याही बोलण्याला आधी होकार देत आणि मग पुढच्या स्टॉपवर उतरून जात.

या बाकाचा एक कायदा होता. ज्याला जे सांगायचं ते त्याने सांगावं. पण ऐकणाऱ्याला थाप सापडली, तर त्याने मोठ्याने एकच शब्द म्हणायचा: पोहे. मग सांगणारा थांबे आणि पंचफुला झारा खाली ठेवून न्यायाला बसे. नुसता संशय चालत नसे. थाप कुठे फाटली ते बोट ठेवून दाखवावं लागे. दाखवलं, तर सांगणाऱ्याकडून सगळ्यांना तर्री-पोहे. नाही दाखवता आलं, तर अडवणाऱ्याकडून.

भैय्याजींना या कायद्याने आजवर पुष्कळ पोहे चारायला लावले होते. सक्करदऱ्याच्या तळ्यात त्यांनी पकडलेला मासा, मारबतीच्या मिरवणुकीत त्यांच्या खांद्यावर येऊन बसलेलं माकड, सदरच्या एका हॉटेलात त्यांच्याशी वऱ्हाडीत बोललेला इंग्रज, सगळे एकेक करून पकडले गेले होते. पकडला गेला नव्हता तो फक्त सांबर.

तो शिकारीवर बंदी येण्याआधीचा होता. तेव्हा भैय्याजी विशीतले, लाकडाच्या ट्रकवर क्लीनर. उमरेडच्या पुढे जंगलात ट्रक बंद पडला. ड्रायव्हर मिस्त्री आणायला गेला आणि हे पहाटे एका नाल्याच्या काठी बसून राहिले. थंडीचे दिवस, सांबर माजावर आलेले. आणि समोरून तो उतरला. म्हशीएवढा. मान चिखलाने काळी झालेली, आणि शिंगांत, दोन्ही शिंगांत, लोंबणाऱ्या वेलींचा आणि गवताचा हार. नाल्याच्या पलीकडे उभा राहून त्याने यांच्याकडे पाहिलं. यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग यांनी बंदुकीचा घोडा ओढला.

बंदूक कधी ठेकेदाराची असे, कधी ड्रायव्हरच्या मामाची. त्यावर कधी कोणी अडलं नाही. सगळे अडत ते हारावर. विश्वनाथ दर वेळी विचारत की सांबर लग्नाला निघाला होता का, आणि निघाला असेल तर घोड्यावर का नव्हता. पोहे, असंही ते कितीदा म्हणाले होते. पण पंचफुला हात वर करायची. शिंगात गवत नव्हतं हे आता कसं दाखवणार? खटला तसाच लोंबकळत राहिला होता. अधूनमधून कोणीतरी शिंगं कुठे आहेत असं विचारी, आणि भैय्याजी दर वेळी नवं उत्तर देत. शिंगं ठेकेदाराने नेली. शिंगं पुरात गेली. शिंगं एका डॉक्टरच्या बैठकीत आहेत, पण डॉक्टर आता पुण्याला असतो.

आज विश्वनाथांनी तोच खटला पुन्हा काढला.

"हे पहा गा, भैय्याजी," ते फोनकडे पाठ करून म्हणाले. "तुमच्या सांगितल्या जागेवर पोरीनं एल्क मारला, तं मी या बाकावर उभा राहून म्हणीन का सांबराच्या शिंगात हार होता. आणि नाही मारला, तं सांबर बंद. या बाकावर पुन्हा निघणार नाही."

भैय्याजींचा चमचा खिंडीतच थांबला. थापा त्यांच्याजवळ पुष्कळ होत्या, पण त्या सगळ्या सांबराच्या आगेमागे चालणाऱ्या. पुढचा गेला की कळपच पांगणार. त्यांनी चमचा प्लेटीत ठेवला, रुमालाने कोरडेच ओठ पुसले, आणि पुन्हा चमचा उचलला.

"मंजूर," ते म्हणाले.

फोनमध्ये मिनल सगळं ऐकत होती. तिने टोपी कानांवर जरा खाली ओढली.

मग जागा ठरवायला सुरुवात झाली. पहिली जागा डोंगराच्या पायथ्याचं गवताळ कुरण, रस्त्यालगत. संघपालांना ती फार आवडली. स्टॉपवर उभं राहावं, गाडी आपोआप येते, असं त्यांचं म्हणणं. पण मिनलने सांगितलं की तिथे हंगामाच्या पहिल्या दिवसापासून जीपच्या रांगा लागतात. भैय्याजींनी डोंगराच्या पायथ्याशी चिमूटभर शेव टाकली. त्या जीप झाल्या. संघपाल तरीही होकार देत राहिले.

दुसरी जागा वर, उघड्या धारेवर. तिथून रात्रंदिवस नर ओरडताना ऐकू येत होता. एल्कचं ओरडणं म्हणजे लांब शिटी, मिनलने तोंडाने काढून दाखवली. पंचफुलाच्या गाडीजवळचं कुत्रं उठून बसलं.

"याच्यात विचारायचं काय?" विश्वनाथ म्हणाले. "ज्या खांबावर ठिणगी, त्याच खांबावर चढायचं."

तिसरी जागा उत्तरेच्या उतारावरची दाट झाडी. आत एक झरा आणि चिखलाचा खड्डा. तिथून कसला आवाज नव्हता. डोरोथी फार वर्षांपूर्वी एकदा तिथे गेली होती, एवढंच.

भैय्याजींनी तिन्ही जागा पोह्यांवर मांडल्या. मग प्लेट फिरवून सूर्य कुठून उगवतो ते विचारलं. प्लेट पुन्हा फिरवली.

"माद्या कुठं दिसल्या तुले?"

"पहाटे कुरणात. ऊन पडायच्या आत वर निघून जातात, झाडीकडं."

त्यांनी तर्रीतले हरभरे एकेक करून निवडले आणि कुरणापासून झाडीपर्यंत रांगेने ठेवले. हे करताना ते इतके गप्प होते की संघपालांनी उगाचच एकदा बरोबर आहे म्हणून घेतलं.

"आता पहा वं, मिनल. धारेवर बोंबलणारा नर म्हणजे लग्नात डीजेपुढं नाचणारा. त्याले वाटते, साऱ्या पोरी त्यालेच पाहून राहिल्या. अन् पोरी कुठं बसल्या राहतात? कूलरपुढं. तू नाचणाऱ्याच्या मागं जाऊ नको. त्याच्यामागं साऱ्या जीपवाल्यांचे कान लागले आहेत. तू कूलर शोध. सावली, गारवा, पाणी. माद्या तिथं दुपार काढतील, अन् हा नाचून नाचून तिथंच येईन."

"अन् नाही आला तं?" विश्वनाथांनी विचारलं.

"येते गा. तू नव्हता आला मांडवात?"

विश्वनाथांनी यावर पोहे म्हटलं नाही, कारण त्यांची बायको ज्या मांडवात त्यांना भेटली तिथे भैय्याजी हजर होते.

वाऱ्याचं राहिलं होतं. भैय्याजींनी पंचफुलाला तर्रीच्या गंजावरचं झाकण काढायला सांगितलं. वाफेचा लोट उठला, कुंपणाच्या पत्र्यावर आपटून वळला आणि सरळ विश्वनाथांच्या चष्म्यावर गेला.

"याले तर्री दिसली का? नाही. वास आला का? आला. तसाच एल्कले तुझा येईन. सकाळी गारठा डोंगरावरून खाली उतरते, वारा त्याच्यासंगं. म्हणून तू खालून चढ. ऊन तापलं का वारा उलटते. त्याच्याआधी झऱ्याच्या वरच्या अंगाले जाऊन बस. मग हालायचं नाही. मुंगी चावली तरी नाही."

मिनल प्लेटीकडे टक लावून पाहत होती.

"आबाजी, नक्की तिसरी? तिथं शिटी नाही ऐकू आली कोणाले."

भैय्याजींनी सगळ्यात मोठा हरभरा निवडला आणि खड्ड्यात दाबून बसवला.

"इथं," ते म्हणाले.

विश्वनाथांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, हात पुढे केला, तोच हरभरा उचलला आणि तोंडात टाकला.

"एल्क गेला," ते म्हणाले.

त्यानंतर फोन आला नाही. डोंगरात रेंज नसते हे मिनलने आधीच सांगितलं होतं, तरी भैय्याजी मोबाइल शर्टाच्या खिशात न ठेवता हातातच धरून बसू लागले. बाकावर येत, पण काही सांगत नसत. पंचफुलाने गंज उघडला की वाफ कोणीकडे जाते ते मात्र पाहत. गणपतीची मिरवणूक डीजे लावून रस्त्याने गेली तेव्हा विश्वनाथांनी सगळ्यात पुढे नाचणाऱ्या जाड्या माणसाकडे बोट दाखवून, हा पहा तुमचा नर, म्हटलं. भैय्याजी हसले, पण जरा उशिरा.

संघपालांना वाईट वाटलं. सांबर बंद होण्याआधी एकदा ऐकून घ्यावा, असं त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी आग्रह केला. भैय्याजींनी सुरुवात केली. ट्रक बंद पडला, ड्रायव्हर गेला, पहाट झाली. सांबर उतरला, शिंगांत हार होता, नाल्यापलीकडे उभा राहिला. इथे ते थांबले. वाटीतल्या तर्रीचा तवंग चमच्याने एका बाजूला सारत राहिले.

"मग?" संघपालांनी विचारलं, जणू त्यांना ठाऊकच नव्हतं.

"मग काय," भैय्याजी म्हणाले. "मारला."

एवढा छोटा सांबर बाकाने आजवर ऐकला नव्हता.

मिनलचा फोन आला तेव्हा गाडीवर गर्दी होती. पंचफुलाने चार गिऱ्हाइकांना तसंच उभं ठेवलं आणि हात पुसत पुढे आली. फोन पुन्हा शेवेच्या बरणीला टेकला. मिनलचं नाक उन्हाने सोललं होतं, गालावर ओरखडा होता, आणि ती इतकी आनंदात होती की टोपी उलटी घातलीय हेही तिच्या लक्षात नव्हतं.

तिने सांगायला सुरुवात केली, आणि भैय्याजी सोडून सगळे पुढे झुकले. भैय्याजी मागे टेकून बसले होते. पोर कुठे थांबते, कुठे आवाज खाली आणते, हे ते ऐकत होते. अंधारात ती खालून चढली होती. वारा तोंडावर होता. कुरणाकडे एकामागून एक जीपचे दिवे लागत गेले, धारेवर शिटी वाजत राहिली, आणि त्या शिटीच्या मागे माणसं चढताना तिला दुरून दिसली. ती झाडीत शिरली. झऱ्याच्या वरच्या अंगाला एक पडलेलं झाड होतं, त्याच्या आडोशाला बसली. त्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुंग्या मात्र आल्या.

"चावल्या?" संघपालांनी विचारलं.

"लय चावल्या, काका. मी हालली नाही."

तिसऱ्या दिवशी ऊन तापायच्या सुमाराला माद्या आल्या. एकेक करून सावलीत बसल्या. मग खालून शिटी आली, मग जवळून आली, मग इतक्या जवळून की तिच्या छातीत वाजली. आणि तो झाडीतून निघाला. मान चिखलाने काळी. मध्ये फक्त झरा.

"अन् आबाजी," ती म्हणाली आणि थांबली. थांबायची जागा अगदी बरोबर होती. "शिंगांत हार."

"पोहे," विश्वनाथ म्हणाले.

पंचफुलाने झारा खाली ठेवला.

विश्वनाथांनी मुद्दा मांडला. पोरीने झोपताना जे ऐकलं तेच ती आता परत देत होती. तीच काळी मान, तोच हार, नाल्याच्या जागी फक्त झरा. आज्याचा सांबर नातीने विमानाने नेला आणि एल्क करून आणला. बोट ठेवून दाखवा म्हणत होता ना, हे घ्या. पंचफुला विचारात पडली. मुद्दा वजनदार होता.

"संघपालकाका, तुमचा मोबाइल पहा," मिनल म्हणाली. "फोटो टाकला."

संघपालांनी चष्मा शोधला, मग मोबाइल शोधला, मग फोटो. आणि मग तिघांची डोकी एकमेकांवर आपटली.

तो होता. झऱ्याच्या पलीकडे, अंगावर ऊन घेऊन, सरळ समोर पाहत. शिंगं झाडाच्या फांद्यांसारखी पसरलेली, आणि दोन्ही शिंगांतून पिवळं गवत, मुळं, वेलीचा एक लांब तुकडा, सगळं गळ्यापर्यंत लोंबत होतं. माजावर आलेले नर शिंगांनी झुडपं उपटतात, जमीन उकरतात, मिनल सांगत होती. डोरोथीला त्यात काहीच नवल वाटलं नव्हतं. सगळेच असे नटून येतात, ती म्हणाली. सांबरही असंच करतो, तिने नंतर शोधून पाहिलं होतं.

विश्वनाथांनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मग मोबाइल संघपालांच्या हातात दिला, चपला काढल्या आणि बाकावर चढले. बाक डुगडुगला. संघपालांनी त्यांची पिंढरी धरली.

"सांबराच्या शिंगात हार होता," ते रस्त्याकडे तोंड करून म्हणाले. पोह्यांसाठी थांबलेली गिऱ्हाइकं त्यांच्याकडे पाहू लागली. खाली वाकून त्यांनी विचारलं, "पण मारला ना वं? पैज मारल्याची होती."

मिनलने भैय्याजींकडे पाहिलं. त्यांनी संघपालांचा मोबाइल अजून हातात घेतला नव्हता. गर्दीच्या मागे, बाकाच्या टोकाला, ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, आणि त्यांचा चेहरा शाळेत पहिल्यांदाच बक्षीस मिळालेल्या मुलासारखा झाला होता.

"मारला," ती म्हणाली. "त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं पाहिलं. अन् घोडा ओढला."

पंचफुलाने निकाल दिला. उगाच अडवल्याबद्दल विश्वनाथांकडून सगळ्यांना तर्री-पोहे, आणि सांबर कायमचा चालू. संघपालांनी टाळ्या वाजवायला पिंढरी सोडली, तशी विश्वनाथांनी त्यांचं डोकं धरलं. पंचफुला प्लेटी मांडू लागली. मांडता मांडता तिने सहज विचारलं,

"शिंगं कुठं लावशील वं पोरी?"

"शिंगं?" मिनल म्हणाली. "ती… डोरोथीकडं आहेत. म्हणजे होती. तिनं एका म्युझियमले दिली."

"कोणत्या?"

"आहे एक. पण ते आता दुसऱ्या गावी गेलं."

भैय्याजींनी मान वर केली. ते बाकाच्या टोकावरून उठले, संघपालांच्या हातातून मोबाइल घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. शिंगांचा नाही. खालच्या कोपऱ्याचा, जिथे कोणी पाहिलं नव्हतं. पडलेल्या झाडाचं खोड होतं. खोडाला, हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर, बंदूक टेकवून ठेवली होती, आणि तिच्या नळीच्या टोकावर लोकरीचा एक हातमोजा वाळत घातला होता.

त्यांनी बराच वेळ तो हातमोजा पाहिला. मग फोटो पुन्हा लहान केला. समोर पंचफुला त्यांची प्लेट भरत होती, तर्री जास्त, त्यांना आवडते तशी. बाकावर विश्वनाथ उभेच होते आणि खाली कसं उतरावं याचा विचार करत होते. कोणी काही विचारत नव्हतं.

भैय्याजी फोनपुढे येऊन बसले. मिनलची उलटी टोपी त्यांनी पाहिली, सोललेलं नाक पाहिलं. मग अगदी हळू, तिला झोपवताना बोलत तशा आवाजात म्हणाले,

"मिनल, फोटो काढला तेव्हा बंदूक कुठं होती?"

टोपीकडे तिचा हात गेला, आणि टोपी उलटी आहे हे तिला तेव्हा कळलं. तिने ती काढून मांडीवर ठेवली. मग ती हसली. लहानपणी पांघरुणाखालून जागी असल्याचं पकडलं गेलं की हसायची, तशी.

"तुमची कुठं होती, आबाजी?"

तर्रीच्या गंजातून वाफ निघत होती आणि कोणीही तिच्याकडे पाहत नव्हतं. भैय्याजींनी समोरची प्लेट थोडी जवळ ओढली, चमचा उचलला, आणि पोह्यांच्या ढिगात विनाकारण एक खिंड कोरू लागले. त्यांच्या मिशा हलत होत्या.

बाकावरून विश्वनाथ वाकले. आधी फोनकडे पाहिलं, मग भैय्याजींकडे.

"पोहे," ते म्हणाले, आणि या वेळी पंचफुलाने पुरावा मागितला नाही.